शंकेचा व्यापार

आजच्या विषयाकडे जरा लांबच्या वाटेने येतो. गोष्ट चारशे वर्षांपूर्वीची आहे आणि ती आपल्या दख्खनशी जोडलेली आहे. अकबर बादशहाने असद बेग नावाच्या आपल्या एका माणसाला विजापूरच्या आदिलशाही दरबारात पाठवलं होतं. साल १६०४च्या आसपासचं. परतताना असद बेगने बादशहासाठी ज्या चीजवस्तू आणल्या, त्यांत एक वस्तू अशी होती, की उत्तरेत ती कुणी फारशी पाहिलेली नव्हती. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली होती आणि तिथून विजापुरात पोचली होती. ती वस्तू म्हणजे तंबाखू.

असद बेगने एक छानशी मढवलेली नळी बादशहापुढे ठेवली. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. दरबारचा हकीम मात्र बेचैन झाला. त्याने बादशहाला पुढे ओढू दिलं नाही. त्याचं म्हणणं साधं होतं : या वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काही लिहिलेलं नाही, आपल्यापैकी कुणी ती पारखलेली नाही, मग तिचे गुण आम्ही कशाच्या आधारावर सांगायचे? यावर असद बेगने वाद घातला. फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातही शहाणी माणसं आहेत, आणि कुठलीही चालरीत कधीतरी नवीच असते, असं तो म्हणाला. वादाचा निकाल लागला नाही. असद बेगने उमरावांना थोडी थोडी तंबाखू वाटली, ते पुन्हा पुन्हा मागू लागले, मग व्यापारी ती विकू लागले आणि चाल झपाट्याने पसरली. बादशहाने स्वतः मात्र ती सवय लावून घेतली नाही. हे सगळं असद बेगनेच लिहून ठेवलं आहे. पुढे १६१७ साली जहांगीर बादशहाने तंबाखूवर बंदी घातली. त्या बंदीचं काय झालं ते आपण कुठल्याही एस.टी. स्टँडच्या भिंती पाहून ठरवावं.

मी कवी माणूस. वैद्यकाचा अभ्यास केलेला नाही. बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्यामुळे अशा जुन्या गोष्टी लक्षात राहतात, इतकंच. पण या प्रसंगात एक प्रश्न आहे आणि तो चारशे वर्षांत जुना झालेला नाही. एखादी वस्तू निर्धोक आहे, हे विकणाऱ्याने सिद्ध करायचं, की ती घातक आहे, हे मरणाऱ्याने सिद्ध करायचं? हकीम म्हणत होता, आधी पारखा, मग वापरा. व्यापार म्हणतो, आधी वापरा, पुरावा मिळाला तर बघू. दीर्घकाळ चालणाऱ्या रोगांचं आपलं सगळं धोरण या एका प्रश्नाभोवती फिरत आलं आहे.

आपल्या बोलण्यात तंबाखूसाठी किती शब्द आहेत पाहा. सवय, नाद, तलफ, व्यसन. कुणी 'बार भरतो', कुणी नुसतं 'चिमूटभर' घेतो. बायका मशेरी 'लावतात'. विदर्भात खर्रा, आमच्याकडे मावा. या सगळ्या शब्दांत कर्ता कोण आहे? खाणारा. दोषही त्याचा, लाजही त्याची. इस्पितळाच्या रांगेत तोंडावर रुमाल धरून बसलेला माणस पहिलं वाक्य बोलतो ते हेच : "चूक माझीच आहे, डॉक्टर." ज्याने ती पुडी बनवली, तिला गुलाबाचा वास दिला, ती एक रुपयात परवडेल इतकी लहान केली आणि शाळकरी पोराच्या हाताला लागेल अशी टपरीवर टांगली, त्याचा या वाक्यात कुठेच पत्ता नसतो.

मलेरियाचं तसं नाही. तिथे आपण रोग्याला दोष देत नाही, डासाला शोधतो. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक अलीकडे म्हणतात, की कर्करोग, हृदयविकार, मधुमेह या रोगांनाही वाहक असतात. फरक इतकाच, की या वाहकाला मुख्य कार्यालय असतं, वकील असतात, जाहिरातीचं खातं असतं. आणि फवारणी करायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीवर डासाला कधी कुणी सभासद करून घेत नाही. इथे तेही होतं. ते कसं, हे आज मला तुम्हाला सांगायचं आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागेल, कारण ही विद्या तिथे घडली. १९५० साली इंग्लंड आणि अमेरिका, दोन्ही देशांत सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एकत्र जमले. एकमेकांचे कट्टर स्पर्धक. पण त्या दिवशी त्यांचा विषय एकच होता. त्यांनी एक जनसंपर्क संस्था नेमली. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत त्यांचं पानभर निवेदन छापून आलं. आम्हाला लोकांच्या आरोग्याची काळजी आहे, शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही, आम्ही स्वतः संशोधनाला पैसा देऊ, असा त्याचा आशय होता.

किती सभ्य वाटतं ऐकायला! सिगारेट चांगली आहे, असा दावाच त्यांनी केला नाही. फक्त 'अजून नक्की नाही' एवढंच म्हटलं. पुढे १९६९ सालच्या एका अंतर्गत टिपणात एका कंपनीच्या अधिकाऱ्याने आपण शंका हाच माल विकतो, अशा अर्थाचं स्पष्ट लिहून ठेवलं. ही कागदपत्रं नंतर कोर्टकचेऱ्यांतून बाहेर आली. २००६ साली वॉशिंग्टनच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला, की या कंपन्यांनी अनेक दशकं संगनमताने लोकांची फसवणूक केली. निवेदन १९५४ चं, निकाल २००६ चा. मधली बावन्न वर्षं त्या एका शंकेने मिळवून दिली. शंका हा माल असा, की त्याला गोदाम लागत नाही, तो नासत नाही, आणि गिऱ्हाइकाला आपण तो विकत घेतला हे कळतही नाही.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे पुरावा नव्हता का? होता. पुष्कळ होता. आणि तो बराचसा याच मातीतला होता. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या रोग्यांचा अभ्यास करून संघवी, राव आणि खानोलकर या संशोधकांनी तंबाखू ओढणं, चघळणं आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. तो लेख १९५५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी खेड्यापाड्यांत फिरले. माणसांना ओसरीवर बसवून, बॅटरीच्या उजेडात त्यांनी तोंडं तपासली. १९६९ साली त्यांनी वेगवेगळ्या प्रांतांतल्या पन्नास हजारांहून जास्त ग्रामस्थांची पाहणी प्रसिद्ध केली. १९७२ साली पुणे जिल्ह्यातली पाहणी आली. तिच्यातला आकडा लक्षात ठेवा : १,०१,७६१ माणसं. २००४ साली मुंबईतल्या गर्भवतींचा अभ्यास आला. मशेरीसारखी तंबाखू लावणाऱ्या आयांची बाळं सरासरी शंभर ग्रॅमने हलकी जन्मतात, असं त्यात दिसलं.

हे सगळं ऐकून घेतल्यावर आता मार्च २०१५ मध्ये या.

आपल्या देशात २००३ साली तंबाखू नियंत्रणाचा कायदा झाला. पाकिटावर इशारा हवा, हे त्यात आलं. सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून चित्र हवं, हेही ठरलं. पण चित्र कसलं? २००६ च्या नियमांत कवटी आणि हाडं होती, रोगाची दाहक चित्रं होती. मग निवेदनं आली, शिष्टमंडळं आली, मंत्रिगट बसला, तारखा पुढे गेल्या. अखेर ३१ मे २००९ रोजी जी चित्रं छापली गेली त्यात गुटख्याच्या पुडीवर चक्क एक विंचू होता. शब्दांशी आणि प्रतिमांशी रोजचं काम करणारा माणूस म्हणून सांगतो, विंचू ही वाईट प्रतिमा नव्हे. पण ती इथे कशासाठी आली? जबड्याचं चित्र पाहून माणूस दचकला असता. विंचू पाहून त्याला वाटलं, ही कंपनीची निशाणी असेल.

२०१४ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ठरवलं, की पाकिटाचा ८५ टक्के भाग, दोन्ही बाजूंनी, इशाऱ्याने व्यापायचा. अंमल १ एप्रिल २०१५ पासून. मुदतीला काही दिवस उरले असताना सरकारी नियम तपासणाऱ्या लोकसभेच्या समितीने हा निर्णय थांबवायला सांगितलं. समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो असं दाखवणारा भारतातला अभ्यास नाही, जे अभ्यास आहेत ते परदेशातले, असं त्यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं. याच समितीवर बिडीचा मोठा व्यवसाय असलेले एक खासदारही सभासद होते. सरकारने अंमलबजावणी पुढे ढकलली.

भारतातला अभ्यास नाही! नगरच्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या एक लाख एक हजार सातशे एकसष्ट माणसांनी त्रेचाळीस वर्षांपूर्वी आपली तोंडं उघडून दाखवली होती, ती कुणासाठी? आणि हा वाद चालू होता तेव्हा महाराष्ट्राच्या डोळ्यांतलं पाणीही वाळलेलं नव्हतं. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आपले माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील, सगळ्यांचे 'आबा', तोंडाच्या कर्करोगाने गेले. वय अवघं सत्तावन्न. तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावात त्यांच्या अंत्यदर्शनाला लोटलेली गर्दी आणि दिल्लीतली ती समिती यांच्यात जेमतेम दीड महिन्याचं अंतर होतं.

या गोष्टीचा शेवट वाईट नाही, हेही सांगायला हवं. डॉक्टर बोलले, रुग्ण बोलले, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा नियम लागू झाला. उद्योग न्यायालयात गेला. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने नियम रद्द ठरवला, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आज टपरीवर जे भयंकर चित्र दिसतं, ज्याच्याकडे पाहताना आपण तोंड फिरवतो, ते तिथे येण्यासाठी २००३ ते २०१६ अशी तेरा वर्षं लागली. त्या तेरा वर्षांत ज्यांनी पहिली पुडी फोडली, त्यांचा हिशेब कुणी मांडायचा?

गुटख्याची कहाणी याहून नाट्यमय आहे, आणि ती आपल्या राज्याची आहे. महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ पासून गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती. उत्पादक न्यायालयात गेले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. अशी दीर्घ बंदी घालण्याचा अधिकार त्या कायद्याखाली राज्याच्या अधिकाऱ्याला नाही, असा निकाल लागला. मग २००६ साली अन्नसुरक्षेचा नवा कायदा आला आणि २०११ च्या नियमांत एक छोटंसं वाक्य आलं : कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येणार नाही. त्याच वाक्याच्या आधारे २० जुलै २०१२ पासून महाराष्ट्रात गुटखा आणि पान मसाला बंद झाला. ही बंदी एका वेळी वर्षभराचीच घालता येते, म्हणून तिचा आदेश वर्षावर्षाला नव्याने काढावा लागत आला.

बंदी आली तशी युक्तीही आली. एका पुडीत पान मसाला, दुसऱ्या पुडीत तंबाखू. दुकानदार एकच, गिऱ्हाईक एकच, तळहात एकच. दोन्ही निरनिराळ्या विकल्या म्हणून कायद्यात 'गुटखा' नाही. तळहातावर एकत्र आल्या की गुटखा झालाच. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने या युक्तीचीही दखल घेतली. तरीही शेजारच्या राज्यांतून येणारे ट्रक पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि बंदी असलेली पुडी चढ्या भावाने मिळते, हेही आपल्याला ठाऊक असतं.

जाहिरातीचं पाहा. तंबाखूची जाहिरात करता येत नाही, मग त्याच नावाची इलायची निघते. चांदीचा वर्ख लावलेला एक वेलदोडा खाऊन नट हेलिकॉप्टरमधून उतरतो. इलायची विकण्यासाठी कुणी इतका खर्च करतं का? २०२१ आणि २०२२ मध्ये दोन मोठ्या अभिनेत्यांनी अशा जाहिरातींतून अंग काढून घेतलं, त्यातल्या एकाने चाहत्यांची जाहीर माफी मागितली. पण एक नट गेला, की दुसरा येतो.

आमच्या क्षेत्रालाही याची झळ लागली आहे. एक काळ असा होता, की सिनेमाच्या मानाच्या पुरस्कारांआधी गुटख्याचं नाव लागायचं आणि १९९६ चा क्रिकेट विश्वचषक सिगारेटच्या नावाने खेळला गेला. नव्वदच्या दशकात मी नवखा कवी म्हणून एका तालुक्याच्या गावी कविसंमेलन ऐकायला गेलो होतो. मंचामागे एका स्थानिक पुडीवाल्याचा मंचाएवढाच फलक. प्रवेशद्वारावर गुलाबपाणी शिंपडायला एक मुलगी आणि तिच्या शेजारी पुड्यांचं ताट घेऊन दुसरी. वारीवरच्या कविता झाल्या, आईवरच्या झाल्या, दुष्काळावरच्या झाल्या. सूत्रसंचालक दर दोन कवितांनंतर दानशूर प्रायोजकाचं नाव घेत होता. अशा दानातून विकत घेतलं जातं ते आपलं मौन. गावच्या शाळेला खोली बांधून देणाऱ्याबद्दल, उरुसाला मंडप आणि गणपतीला कमान देणाऱ्याबद्दल गाव वाईट बोलत नाही.

पुरावा नाही, ही झाली पहिली ढाल. उद्योगाची दुसरी ढाल म्हणजे गरीब माणूस. आणि इथे मला जपून बोललं पाहिजे, कारण ती ढाल माझ्या मोहल्ल्यातून उचललेली आहे. आमच्या सोलापुरात हजारो बायका बिड्या वळतात. त्यात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाच्या आहेत, तशा आमच्या खाला आणि फुफी आहेत. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं, तंबाखूची भुकटी आणि दोऱ्याची रीळ. पहाटेपासून बोटं चालू. घरभर तो उग्र दर्प, पाळण्यातल्या बाळापर्यंत पोचणारा. खोकला, पाठदुखी, अधू होत जाणारी नजर. वळलेल्या बिड्यांतल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. देशात असे बिडी कामगार ५० लाखांच्या आसपास आहेत, असं सरकारी आकडे सांगतात. मी एकदा आमच्या एका खालाजवळ हा विषय काढला, तर ती मान वर न करता म्हणाली, "बिडी बंद करो बोलते सब, रोटी कौन देता वो कोई नै बोलता."

तिचं खरं आहे. पण तिची ही भाकरीची चिंता दिल्लीत कोण घेऊन जातं? तिचं वाक्य उचलतो कारखानदार. बिडीवरचा कर वाढू लागला, की त्याला तिची आठवण येते. मजुरी वाढवायची वेळ आली, की विसर पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने पान मसाला आणि सिगारेटसाठी ४० टक्के दर ठरवला, बिडीचा मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. कारण कामगारांचं पोट. पण बिडी ओढणाराही गरीबच असतो हो! वळणारी खाला आणि ओढणारा हमाल एकाच गल्लीत राहतात. एकाच्या पोटासाठी दुसऱ्याचं फुप्फुस द्यायचं, हा सौदा त्या दोघांनी केलेला नाही. तंबाखूवरच्या कराचा ठरावीक वाटा या बायकांच्या हाताला दुसरं काम देण्यासाठी बाजूला काढा, आणि मग बघा ही ढाल किती दिवस टिकते.

तिसरी गोष्ट तिजोरीची. तंबाखूतून सरकारला महसूल मिळतो, असं नेहमी सांगतात. खर्चाची बाजू कुणी वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासानुसार २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूच्या आजारांपायी आणि अकाली मृत्यूंपायी देशाचं १,७७,३४१ कोटी रुपयांचं नुकसान झालं. त्यापुढे तंबाखूवरच्या उत्पादन शुल्काची रक्कम तेव्हा आठवा हिस्साही भरत नव्हती. शिवाय सिगारेट बनवणाऱ्या देशातल्या सर्वात मोठ्या कंपनीत आपल्या आयुर्विमा महामंडळाचे १५ टक्क्यांच्या आसपास समभाग आहेत. माणूस जास्त जगावा यातच जिचा फायदा, ती संस्था. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात या विसंगतीविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली. आरोग्यमंत्री एक बोट दाखवतो आणि अर्थखातं दुसरं, असं घडतं ते उगाच नाही.

कुणी म्हणेल, हे तंबाखूपुरतं आहे. तसं नाही. १९६७ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा लेख आला. हृदयविकाराचा दोष त्यात चरबीवर टाकलेला होता आणि साखरेकडे दुर्लक्ष केलेलं होतं. त्या लेखासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने साडेसहा हजार डॉलर दिले होते, हे २०१६ साली, म्हणजे एकोणपन्नास वर्षांनी उजेडात आलं. तीच तऱ्हा, तोच धीर. आपल्यासारख्या ऊस पिकवणाऱ्या राज्याने तर ही गोष्ट कान देऊन ऐकावी. उलट बाजूचंही एक उदाहरण देतो. बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंद केली आणि २००३ साली तो कायदा आणखी कडक झाला. आईच्या दुधापेक्षा डबा बरा, असं गुबगुबीत बाळाचं चित्र दाखवून आज कुणी सांगू शकत नाही. ठरवलं तर होतं.

तंबाखूच्या बाबतीतही थोडं झालं आहे. २००९-१० साली देशातले ३४.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. २०१६-१७ मध्ये ते प्रमाण २८.६ वर आलं. आपल्या राज्यात तेव्हा ते २६.६ टक्के होतं. त्यात ओढणारे जेमतेम चार टक्के, बाकी जवळजवळ सगळे चघळणारे आणि मशेरी लावणारे. म्हणजे आपला शत्रू धुरात लपलेला नाही, तो पुडीत आहे. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ'च्या रूपाने गावंच्या गावं दारू आणि तंबाखूविरुद्ध उभी राहिली. २०२० साली महाराष्ट्राने सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली, कारण सुटी घेतली की पाकीट हाती येत नाही आणि त्यावरचं चित्र दिसत नाही. भारताने २००४ साली तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. आरोग्याची धोरणं उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवा, असं त्या कराराचं एक कलम सांगतं. त्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२० मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना आचारसंहिताही घालून दिली. पण हे एका खात्यापुरतं झालं. कर, शेती, उद्योग, विमा या खात्यांच्या दारावर अजून तसा पहारा नाही.

सोडणाऱ्याला मी उपदेश करणार नाही. रमजानमध्ये मी दरवर्षी पाहतो. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंब न घेणारी, मनाची इतकी पक्की माणसं. पण रोजा सुटला, खजूर तोंडात गेला, की दुसरा हात खिशातल्या पुडीकडे जातो. इतक्या निग्रही माणसालाही जी वस्तू सोडत नाही, तिला नुसती 'सवय' म्हणणं हा त्या माणसाचा अपमान आहे. त्याला औषधाची, समुपदेशनाची मदत हवी आणि ती सरकारी दवाखान्यात मिळायला हवी.

आपल्याला मात्र एक करता येईल. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, की अजून पुरावा नाही, एकदम बंद करू नका, गरिबांच्या पोटाचा प्रश्न आहे, तर दोनच प्रश्न विचारा. हे सांगणाऱ्याचं स्वतःचं पोट कशावर चालतं? आणि थांबायचं तर किती दिवस, आणि तोवर मरायचं कुणी? हे प्रश्न ग्रामसभेत विचारता येतात, खासदारालाही विचारता येतात. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा कायदा आहे. उद्या सकाळी मुलाला किंवा नातवाला शाळेत सोडायला जाल, तेव्हा फाटकापासून पहिल्या टपरीपर्यंतची पावलं मोजा. कमी भरली, तर तो आकडा कागदावर लिहा आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)